आवक क्रमांक

पाट्या मी रंगवल्या. अक्षर बरं आहे म्हणून
रमिलाबेननं रात्री पुठ्ठे आणून टाकले ओट्यावर,
फ्रिजच्या खोक्यांचे, मागे अजून बाण छापलेला: ही बाजू वर.
लिहायचं गुजरातीत होतं. पण हात दांडिया बाजारातला,
अक्षर संपलं की वरून रेघ ओढतोच.
तिसऱ्या पाटीला त्रिनाथ हसला, त्याच्या गंजामकडच्या हिंदीत म्हणाला,
बाई, तुम्ही तर सगळ्यांना छप्पर घालताय.
मग पांढऱ्यानं रेघा झाकत बसले.
एक राहिली, 'पगार'वर.
राहू दिली.

जुबिली बागेशी दोनशे येणार होते.
आले साठ-सत्तर.
झालोदकडच्या बाया, कडेवर पोरं, पदराला बांधलेला रोटला.
मकरपुऱ्यातली प्रेसवरची मुलं, रात्रपाळीवरून तशीच,
अंगाला ऑइलचा वास.
मुठी वर झाल्या तेव्हा त्रिनाथनं डावी केली.
उजव्या हाताची दोन बोटं शेड नंबर बासष्टमध्ये राहिली,
आणि ठेकेदार विचारतो, कोण त्रिनाथ?
हजेरीत नाव दाखव.

रावपुऱ्यात दुकानं उघडत होती.
एक पोऱ्या पायरीवर पाणी मारत होता, आमच्या पायांवर उडालं,
तो 'सॉरी, मासी' म्हणाला आणि पाटी वाचत उभा राहिला.
टॉवरपाशी घोषणेचे तुकडे झाले,
पुढचे हिंदीत, मागच्या बाया त्यांच्या भिलीत,
मधे मी. मला कुठलीच वेळेवर येईना.
मी आयुष्यभर एकच शब्द ओरडले आहे:
पुढचा!

कारण एकतीस वर्षं मी त्या खिडकीच्या आत होते.
कुबेर भवन, पाचवा मजला. नावसुद्धा काय, कुबेर.
अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा.
सोमवारनंतर या.
एक बाई सात सोमवार आली, नवऱ्याच्या थकलेल्या रोजीसाठी.
आठव्या सोमवारी आली नाही.
तिचा क्रमांक ४४१७.
नाव आठवत नाही.

फाटकात पोलीस म्हणाले, पाच जणच.
रमिलाबेननं माझा दंड धरला, तू चल, तुला आतलं माहीत.
लिफ्ट बंद. ती माझ्या वेळीही बंदच असायची,
पण तेव्हा मी सकाळी एकदाच चढायचे, डबा घेऊन.

खिडकी तीच. जाळी तीच.
बाहेरून ती इतकी खाली आहे हे मला ठाऊक नव्हतं.
वाकावं लागतं.
एकतीस वर्षं मला वाटायचं,
लोक नम्र आहेत.

आत नवीन मुलगा, कानात एक वायर.
मूळ गाव? त्यानं रमिलाला विचारलं, त्रिनाथला विचारलं,
मग मला.
दांडिया बाजार, मी म्हटलं.
ते नाही मासी, मूळ.
पणजोबा कुठूनसे आले होते, पागेत घोड्यांचा दाणा मोजायला.
गावाचं नाव घरात दोघं दोन सांगत,
आता ते दोघंही नाहीत.
रिकामं ठेव, म्हटलं.
रिकामं चालत नाही, सिस्टम घेत नाही.
मग झालोद टाक.
रमिला फस्सकन हसली, त्या जिन्यात, इतक्या मोठ्यानं,
की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावलं.

त्यानं शिक्का मारला. सोमवारनंतर या.
कुठला सोमवार? मी विचारलं.
तारीख लिही.
तो मागे वळला. भिंतीवर खिळा होता, माझ्या वेळचाच,
कॅलेंडर नव्हतं.
तो खिशातून फोन काढेपर्यंत
त्रिनाथ डाव्या हातानं सही करत होता,
एकेक अक्षर, गोल, सावकाश,
कागद सरकू नये म्हणून वरून रमिलाचा तळवा.
मागे रांग वाढली होती.
मी जागची हलले नाही.